पुण्याच्या सॉफ्टवेअर उद्योगाची कुळकथा

पुण्याचा सॉफ्टवेअर उद्योग 1980 नंतर उभा राहिला, पण त्याचे मूळ त्याआधीच्या कारखानदारीत आहे. 1946 साली खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड पट्ट्यात टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लहान कारखाने आले. मोठ्या कारखान्यांत पगारपत्रक, स्टोअर्सचा साठा, सुट्या भागांच्या याद्या हे काम संगणकावर जाऊ लागले. त्यासाठीच्या विभागाला ‘ईडीपी’ म्हणत आणि तिथली प्रोग्रामर मंडळी बहुधा कोबोल भाषेत प्रोग्राम लिहीत. सॉफ्टवेअर इथे आधी कारखान्याच्या घरचे काम होते. बाहेर विकण्याचा माल ते नंतर झाले.

1981 साली दोन गोष्टी घडल्या. टीसीएसचे प्रमुख फकिरचंद कोहली यांच्या पुढाकाराने टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर पुण्यात सुरू झाले आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या संशोधनाला शहरात ठिकाण मिळाले. त्याच वर्षी पटनी कॉम्प्युटर्समधून बाहेर पडलेल्या नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी 10,000 रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिस काढली. संगणकाची आयात परवान्यात अडकलेली, साधा टेलिफोनही लवकर मिळत नसे. त्यामुळे काम असे ते ग्राहकाच्या देशात जाऊन करायचे. 1983 मध्ये इन्फोसिसने मुक्काम बंगळुरूला हलवला.

त्याच 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर पुण्याची भिस्त मुख्यतः 1854 पासून चालत आलेल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयावर होती. आता एमआयटी, व्हीआयटी, पीआयसीटी, भारती विद्यापीठ अशी महाविद्यालये एकाच वर्षात उभी राहिली. त्यांच्या भरमसाट शुल्कावर तेव्हा बरीच टीका झाली; पण दहा वर्षांनी कंपन्यांना शेकड्यांनी इंजिनिअर लागू लागले, ते याच महाविद्यालयांतून मिळाले.

सरकारी संशोधनाचा हातभार 1988 मध्ये लागला. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्यावर देशी महासंगणक बनवण्यासाठी पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक स्थापन झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. एकच अतिवेगवान प्रोसेसर घेण्याऐवजी बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांना जोडून काम त्यांच्यात वाटून द्यायचे, अशी त्याची रचना होती. हे वाटप करणारे सॉफ्टवेअर लिहिताना तरुण इंजिनिअरांची एक फळी तयार झाली. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेले जिस्ट तंत्रज्ञानही सी-डॅकनेच वाढवले. संगणकात जिस्ट कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटत.

खरा बदल झाला तो दळणवळणाने. 1990 मध्ये देशातील पहिल्या तीन सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांत बंगळुरू आणि भुवनेश्वरबरोबर पुण्याची निवड झाली. पार्कच्या उपग्रह केंद्रातून कंपन्यांना 64 केबीपीएसची भाड्याची लाइन मिळू लागली. आजच्या मानाने हा वेग नगण्य; पण टेप कुरिअरने पाठवण्याची किंवा माणूस विमानात बसवण्याची गरज कमी झाली. प्रोग्राम पुण्यात लिहून परदेशी ग्राहकाकडे पाठवता येऊ लागला.

त्याच वर्षी दोन स्थानिक कंपन्या निघाल्या. अमेरिकेत डेटाबेस विषयात पीएचडी केलेल्या आनंद देशपांडे यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली आणि इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर उत्पादने घडवून देण्याचे काम पत्करले. किर्तने आणि पंडित या चार्टर्ड अकाउंटंट फर्ममधून केपीआयटी निघाली.

1990 च्या दशकाच्या अखेरीस वायटूकेच्या, म्हणजे 2000 सालच्या तारखा जुन्या प्रोग्रामना नीट वाचता याव्यात यासाठीच्या, दुरुस्त्यांमुळे मागणी वाढली आणि शहरातल्या जागा अपुऱ्या पडल्या. एमआयडीसीने मुळशी तालुक्यातील हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसवला. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस तिथे आल्या. पूर्वेला हडपसरजवळ मगर आणि इतर शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून टाकण्याऐवजी एकत्र करून मगरपट्टा सिटी विकसित केली. तिथल्या आयटी इमारतींचे भाडे त्यांच्या उत्पन्नाचा भाग झाले. हिंजवडीत मात्र रस्ते आणि वाहतूक कंपन्यांच्या वेगाने वाढली नाही; रोजची कोंडी त्यातूनच आली.

कारखानदारीशी असलेले जुने नाते पुढे नव्या रूपात दिसले. मोटारीत इंजिनाचे इंधन, ब्रेक, एअरबॅग यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक युनिटांकडे गेले आणि त्यांचे सॉफ्टवेअर लिहिणे हा वेगळा व्यवसाय बनला. वाहन कारखाने, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था आणि इंजिन जाणणारे इंजिनिअर हे सारे पुण्यात आधीच होते. 2002 मध्ये कमिन्स इन्फोटेकशी विलीनीकरण झाल्यावर केपीआयटीचा या क्षेत्रातील पाया विस्तारला. 2019 मध्ये तिचा आयटी सेवांचा व्यवसाय बिर्लासॉफ्टकडे गेला आणि वाहन-सॉफ्टवेअर हेच तिचे मुख्य काम उरले.