‘गेनसे’ : एका विरळ इंग्रजी संयुक्त क्रियापदाचा इतिहास

प्रस्तावना :
‘गेनसे’ हे नाकारणे, खंडन करणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद आज प्रामुख्याने ग्रांथिक भाषेत आढळते. ‘गेन’ म्हणजे लाभ आणि ‘से’ म्हणजे बोलणे असा विग्रह केल्यास त्याचा अर्थ लागत नाही. देशी शब्द सुबोध आणि परकीय शब्द दुर्बोध, हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात या शब्दाच्या आधारे केला आहे.

व्युत्पत्ती :
यातील ‘गेन’ हा विरोधवाचक जर्मानिक उपसर्ग होय. जर्मन ‘गेगेन’ व इंग्रजी ‘अगेन्स्ट’ हे त्याचे सगोत्र शब्द. लाभवाचक ‘गेन’ फ्रेंचमधून आला असून त्याचा येथे संबंध नाही. ‘गेनसे’ म्हणजे विरुद्ध बोलणे. लॅटिनमधील ‘कॉन्त्रा’ व ‘दीकेरे’, ग्रीकमधील ‘अँटी’ व ‘लेगेइन’ आणि संस्कृतमधील ‘प्रति’ व ‘वद्’ यांच्या संयोगातही हीच घडण दिसते.

ऐतिहासिक वाटचाल :
१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या राजदरबारात फ्रेंचला प्रतिष्ठा लाभली. तरीही इ. स. १३०० च्या सुमारास ‘गेनसे’ हा शब्द मध्यकालीन इंग्रजीत आढळतो. त्याच घडणीचे ‘गेनस्टँड’ (विरोधात उभे राहणे) व ‘गेनकॉल’ (परत बोलावणे) हे शब्द पुढे लोपले. सोळाव्या शतकात लॅटिनवरून घेतलेला ‘कॉन्ट्रॅडिक्ट’ प्रचारात आला व कालांतराने नित्याचा झाला. १६११ च्या जेम्स राजाच्या बायबलमध्ये मात्र ‘गेनसे’ व त्याची साधित रूपे अनेक ठिकाणी आहेत. हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेल्यामुळे हा शब्द वाचकांच्या परिचयात राहिला. आज तो बहुधा नकारार्थी वाक्यरचनेतच येतो.

निष्कर्ष :
‘गेनसे’ कुळाने देशी असूनही दुर्बोध ठरला, तर परकीय कुळाचा ‘कॉन्ट्रॅडिक्ट’ सर्वपरिचित झाला. उपसर्ग मृत झाला की शब्दाचा अर्थही झाकोळतो. मराठीतील ‘प्रतिवाद’ सहज कळतो, कारण ‘प्रतिकार’, ‘प्रतिक्रिया’ अशा शब्दांतून ‘प्रति’ जिवंत आहे. म्हणून परिभाषा घडविताना शब्दाच्या कुळापेक्षा त्याचे घटक प्रचलित आहेत किंवा नाहीत, हे पाहणे अधिक आवश्यक आहे. अन्यथा आपण घडविलेला शब्द कोशात राहील, विद्यार्थ्यांच्या ओठी येणार नाही.