फीच्या आधी भाकरी: बोर्डिंगपासून महाविद्यालयापर्यंत

ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा ‘पहिल्या पिढीच्या’ विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा महाराष्ट्रातील इतिहास हा बऱ्याच अंशी वसतिगृहांचा इतिहास आहे. कारण खेड्यातून शहरात आलेल्या मुलापुढे फीच्याही आधी निवाऱ्याचा आणि दोन वेळच्या जेवणाचा प्रश्न उभा राहत असे. हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या बोर्डिंगांना, म्हणजे राहण्याजेवण्याची सोय असलेल्या वसतिगृहांना, आश्रय दिला आणि 1902 मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून शिक्षणानंतरची वाटही मोकळी केली.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात असे बोर्डिंग काढले की, ज्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि स्वयंपाकापासून झाडलोटीपर्यंतची कामे स्वतःच करत. मुलांच्या जेवणाची तरतूद संपली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. साताऱ्यात 1947 मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात याच स्वावलंबनाला ‘कमवा व शिका’ योजनेचे, म्हणजे श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाचा खर्च भागवण्याच्या पद्धतीचे, रूप मिळाले.

दुसरी वाट सरकारी अर्थसाहाय्याची होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, 1944 मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, म्हणजे मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी द्यायची रक्कम, सुरू झाली. पुढे 1946 मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने सकाळचे वर्ग भरवून नोकरी करणाऱ्यांनाही पदवीपर्यंत पोहोचण्याची संधी दिली.

या साऱ्या प्रयत्नांतून एक गोष्ट सिद्ध होते: प्रवेश मिळाल्याने विद्यार्थी महाविद्यालयात येतो, परंतु पदवी हाती पडेपर्यंत तेथे टिकतो तो रोजच्या निर्वाहाची सोय झाली तरच. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भोजन व निवासासाठी रोख रक्कम देणारी महाराष्ट्र शासनाची ‘स्वाधार’ योजना याच तत्त्वावर उभी आहे.