डोंगरमाथ्यावरचा वाटा

१९७२ सालच्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली पिढी आता आपल्या धर्मग्रामांतून विरळ होत चालली आहे. त्या दुष्काळानेच पाण्याच्या न्यायाचा प्रश्न महाराष्ट्रापुढे उभा केला. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत आरंभिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर घरातील माणसांच्या संख्येने वाटावे, भूमिहीनालाही त्यात हक्क असावा आणि त्यावर ऊस घेऊ नये, असे तिचे नियम होते.

आपल्या संभाजीनगर जिल्ह्याला गोदावरीपलीकडे लागून असलेल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात ह्याच प्रश्नाशी एक धर्मगुरू झुंजत होते. येशूसंघीय फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये स्वित्झर्लंडहून भारतात आले. विहीर खोदून दिली तरी डोंगर उघडा असेल तर विहिरीला पाझर कोठून यावा? म्हणून 'माथा ते पायथा' अशी पाणलोटाची कामे सुरू झाली. जर्मनीचे साहाय्य आणि नाबार्डचा सहभाग यांतून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आकारास आला. १९९३ मध्ये फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी 'वॉटर' ही संस्था स्थापिली.

डोंगर हिरवा करायचा तर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हवी. परंतु पाणी साठते ते पायथ्याशी, विहीरमालकाच्या शेतात. बंदी पडते ती माथ्यावर, ज्याच्यापाशी चार शेळ्यांखेरीज काही नाही त्याच्यावर! संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे १९९६ ते २००१ या काळात काम झाले, तेव्हा हाच पेच पडला. मेंढपाळ व भूमिहीन कुटुंबांचा चराईबंदीला विरोध होता, आणि मला तो रास्तच वाटतो. तेथे सारे रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद केले गेले. अकुशल मजुरीच्या सुमारे १६ टक्के श्रमदान गावाने द्यावे, अशी कार्यक्रमाची अट होती. भूमिहीन आणि एकट्या पालकाची कुटुंबे यांना मात्र त्यातून सूट होती. स्त्रियांसाठी संयुक्त महिला समित्या स्थापन झाल्या.

पूर्वी दरेवाडीत वर्षातून तीन-चार महिने शेतीचे काम मिळे, ते पुढे नऊ-दहा महिने मिळू लागले. तरीही काही भूमिहीनांना आपल्या शेळ्या-मेंढ्या विकाव्या लागल्या. यशोगाथा सांगताना हे वाक्य बहुधा गळते. फादर बाखर २०२१ मध्ये मायदेशी निवर्तले. शेळ्या विकलेल्या त्या घरांचा हिशेब अद्याप कोणी पुरता मांडलेला माझ्या वाचनात नाही.