भराव आणि दात यांच्यामधली फट

दात किडला, कीड कोरून काढली आणि पोकळी भरून टाकली, की काम संपले असे आपल्याला वाटते. भिंतीला भोक पडले तर आपण सिमेंट थापून मोकळे होतो, तसेच हेही. पण भिंत कधी ऊन ऊन चहा पीत नाही, की बर्फाचा गोळा खात नाही! दात मात्र सदा ओलीत राहतो, गरम-थंड सोसतो, आणि त्याच्या पोटात जिवंत, नाजूक अशी मज्जा असते. म्हणूनच पोकळी कशाने भरावी यापेक्षाही भराव आणि दात यांच्यामधला सांधा कसा बंद करावा, हा प्रश्न दंतवैद्यांना अधिक अवघड गेला. त्या सांध्याचीच ही हकीकत आहे.

चांदीच्या भरावाला हा प्रश्न तितकासा छळत नसे. चांदी, कथील, तांबे आणि पारा यांचे ते मिश्रण दाताला मुळीच चिकटत नाही. परंतु तोंडातल्या ओलीत ते हळूहळू गंजते आणि तो गंजच फटीत साचून ती बुजवीत जातो. दोषच असा उपयोगी पडला. पण पुढच्या दातात काळा डाग कोणाला आवडणार? लोकांना दाताच्या रंगाचा भराव हवा होता, आणि तिथूनच फटीचे दुखणे वाढले.

विसाव्या शतकाच्या आरंभी सिलिकेट सिमेंट प्रचारात आले. काचेसारखी बारीक पूड आणि फॉस्फरिक आम्ल एकत्र कालवून ते करीत. दिसायला छान, पण तोंडातल्या आम्लांनी ते विरघळे आणि त्याच्या कडा झिजत. मग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत, तोंडातच घट्ट होणारे ॲक्रिलिक आले. त्याची खोड निराळी. घट्ट होताना ते शेकडा सुमारे सात भाग आकसे, आणि उष्णतेने दाताच्या सुमारे सातपट प्रसरण पावे. म्हणजे गरम घोट घेतला की भराव फुगणार, गार घोट घेतला की आखडणार, आणि दात आपला जवळजवळ जागच्या जागी!

याचा परिणाम काय होतो, हे १९५२ साली अमेरिकेत नेल्सन, वॉल्कॉट आणि पॅफेनबार्गर या तिघांनी अगदी साध्या प्रयोगाने दाखवून दिले. भरलेला, काढलेला दात त्यांनी बर्फाच्या पाण्यात गार केला, बाहेर काढून पुसला आणि बोटांच्या उबेत धरला. पाहतात तो भरावाच्या कडेने पाण्याचे बारीक थेंब बाहेर येऊ लागले! फट गार असताना पाणी आत ओढून घेत होती, ऊब लागताच बाहेर टाकीत होती. प्रत्येक जेवणाला, प्रत्येक चहाला हा भाता चालूच असणार.

कोणी म्हणेल, पाणीच ते, झिरपले तर काय बिघडले? पण पाण्याबरोबर जंतूही जातात. जंतू म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जीव. त्याला केसाहून बारीक फटही दिंडी दरवाजासारखी. दाताच्या रंगाच्या भरावाखाली मज्जा सुजते, कधी मरते, हे दंतवैद्य पुष्कळ वर्षे पाहत होते. दोष मात्र ते सिमेंटमधल्या आम्लाला देत. १९७० नंतरच्या दशकात स्टॉकहोमच्या ब्रेनस्ट्रॉम यांनी आग्रहाने सांगितले, की मुख्य गुन्हेगार आम्ल नसून फटीतले जंतू आहेत. पुढच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला: फट बाहेरून नीट बंद ठेवली, तर त्याच सिमेंटखालीही मज्जा बरी होऊ शके. इतकी वर्षे आरोपी चुकीचा धरला होता!

सांधा बंद करण्याची वाट मात्र त्याआधीच सापडली होती. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी मायकेल ब्युओनोकोर काम करीत. लोखंडी पत्र्याला रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत त्याला आधी फॉस्फरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होते. १९५५ साली त्यांनी दाताच्या वरच्या कवचाला, इनॅमलला, तेच आम्ल अर्धा मिनिट लावून धुतले. आम्लाने पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खाचा पडल्या, आणि पातळ राळ त्यांत शिरून घट्ट रुतून बसली. भराव बदलण्याऐवजी त्यांनी दातालाच तयार केले, हे त्यांचे वेगळेपण. तरी ही युक्ती सर्वत्र रुळायला वीसएक वर्षे लागली. दरम्यान राफेल बोवेन यांनी नवी राळ आणि सिलिकाची पूड यांचा मेळ घातला. त्याचे पेटंट १९६२ चे. त्यामुळे आकुंचन शेकडा दोन-तीन भागांवर आले.

आतल्या थराचे, डेंटिनचे, कोडे अधिक बिकट होते. तो ओला, बारीक नळ्यांनी भरलेला. १९७२ साली इंग्लंडच्या विल्सन आणि केंट यांनी ग्लास आयोनोमर हे सिमेंट जगापुढे मांडले. ते ओल्या दातालाही रासायनिक बंधाने धरून राहते. जपानात फुसायामा यांनी १९७९ साली डेंटिनलाही आम्ल लावण्याचा धाडसी मार्ग सांगितला. आणि नाकाबायाशी यांनी १९८२ साली दाखविले, की राळ डेंटिनच्या तंतूंत मुरून दोहोंचा मिळून एक नवा थर तयार होतो. कापडात खळ मुरावी, तसेच काहीसे.

मग फट कायमची गेली का? नाही. राळ अजूनही थोडी आकसतेच, आणि ओल्या डेंटिनमधला सांधा वर्षांमागून वर्षे हळूहळू कमजोर होतो. तिकडे २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याचा वापर कमी होत चालला आहे. म्हणजे आपोआप बुजणाऱ्या फटीचा आधार सुटत चालला, आणि सारी भिस्त हाताच्या कामावर आली. दंतवैद्य दाताभोवती रबराचा पडदा बांधतो, लाळेचा थेंब लागू देत नाही, भराव एकदम न घालता थराथराने घालतो आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशात घट्ट करतो. ‘किती वेळ लावता हो डॉक्टर!’ असे तेव्हा आपल्या मनात येते खरे. पण तो वेळ पोकळी भरण्यासाठी जात नाही. तो त्या न दिसणाऱ्या सांध्यासाठी जातो. तेवढा वेळ तोंड उघडे ठेवून बसलो, तर दाताचे आयुष्य वाढते. आणि भरलेला दात पुढे कधी गार पाण्याने ठणकू लागला किंवा कडेला तपकिरी रेघ दिसली, तर चालढकल न करता तो दाखवून घ्यावा. फट लहान असते तोवरच ती बुजवणे सोपे असते.