हान्स घोड्याला काय कळत होते?

सज्जनहो, मुक्या जिवाला माणसाचे बोलणे कितपत समजते? धन्याच्या पावलांची चाहूल लागली की गाय हंबरते, हाक मारण्याआधीच बैल जुवाखाली मान देतो. हे पाहून "त्याला सगळे कळते, फक्त बोलता येत नाही" असे आपण सहज म्हणतो. हे म्हणणे कुठवर खरे, याची कसून परीक्षा सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतील बर्लिन शहरात झाली. ती हकीकत आपण ऐकण्यासारखी आहे.

विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते. मुलांसारखे शिकवले तर जनावरही विचार करायला शिकेल, अशी त्यांची श्रद्धा. घराच्या चौकात फळा, मणी आणि अंकांच्या पाट्या मांडून त्यांनी हान्स या घोड्याला सुमारे चार वर्षे धडे दिले. बरोबर आले की गाजर नाहीतर पावाचा तुकडा. पुढे पुढे हान्स बेरीज-वजाबाकीच काय, अपूर्णांकही सोडवू लागला. बारातून पाच गेले किती, असे विचारले की उजवा पाय सात वेळा आपटून थांबे. लोक त्याला 'शहाणा हान्स' म्हणू लागले. पाहायला गर्दी होई, पण मास्तरांनी त्यासाठी कोणाकडून पैसा घेतला नाही.

सप्टेंबर १९०४ मध्ये तेरा जाणकारांची समिती बसली. प्राध्यापक कार्ल श्टुम्फ तिचे प्रमुख. सर्कसचे मालक, प्राणिसंग्रहालयाचे संचालक, शिक्षक अशी माणसे तीत होती. त्यांनी बारकाईने पाहिले आणि सांगितले की यात कसलीही लबाडी नाही. मास्तर पडद्याआड असले तरी परका माणूस प्रश्न विचारी आणि घोडा उत्तर देई.

मग श्टुम्फ यांचे सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांनी काम हाती घेतले. त्यांनी एक साधी गोष्ट केली. काही वेळा अंकाची पाटी विचारणाऱ्याने स्वतः पाहिलेली असे. काही वेळा न पाहता ती तो घोड्यापुढे धरी. विचारणाऱ्याला अंक ठाऊक असला की हान्सची शेकडा ९८ उत्तरे बरोबर. ठाऊक नसला की जेमतेम ८. विचारणारा नजरेआड झाला तरीही घोडा गडबडे आणि त्याला पाहण्यासाठी मान ओढून धडपडे.

उलगडा असा झाला. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत पायाकडे किंचित वाकून पाही. घोडा टापा सुरू करी. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके एका मिलिमीटरपेक्षाही कमी वर होई, घोडा थांबे. नंतर फुंग्स्ट स्वतः घोड्याच्या जागी बसले, पायाऐवजी हाताने ठोके देऊ लागले आणि पंचवीस माणसांना मनात आकडा धरायला सांगितले. त्यांतील दोन सोडून सर्वांनी हीच खूण न जाणता दिली. पुढे तर हे सारे गुपित माहीत असूनही फुंग्स्ट यांना स्वतःच्या अंगाची ही हालचाल आवरता येईना!

वाचकहो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. कीर्तनात बुवांची मान जराशी कलली की मृदंगी हात उचलतो आणि टाळकरी चाल धरतात. तिथे तोंडाने कोणी काही सांगत नाही. वर्षानुवर्षांच्या सहवासाने मिळणारे ते ज्ञान आहे. हान्सकडे तेच होते. गणित त्याला येत नव्हते. माणूस मात्र उत्तम वाचता येत होता.

आता खरी शिकवण पुढे आहे. परीक्षेत घोडा चुकू लागला तेव्हा मास्तरांना आधी आश्चर्य वाटले, मग ते घोड्यावरच संतापले. जणू त्याने चार वर्षे त्यांना फसवले होते. फुंग्स्ट यांचा निष्कर्ष त्यांनी कधी मानला नाही. १९०९ साली ते वारले. आणि हान्सने काय अपराध केला होता? धनी जे अंगाने सांगत होता, ते त्याने इमानाने ऐकले होते.

म्हणून जनावराच्या ठायी भलती बुद्धी कल्पणे हे वाटते तितके निरुपद्रवी नाही. "याला सगळे कळते, मुद्दाम अडून बसलाय" असे म्हणणाऱ्याचाच चाबूक आधी उठतो. आणि "याला काय कळते?" म्हणणाराही तितकाच चुकतो. त्याला आपले शब्द कळत नसतील, पण आपली घाई, भीती आणि राग कळतो; आपल्याला स्वतःला कळण्याआधीही कळतो. रिंगणात अश्वाच्या टापेखालची माती घ्यायला धावताना, चढावर रथाच्या बैलांना हाकारे देताना, एवढे आठवावे. आधी आपला श्वास शांत करावा, मग त्याच्या पाठीवर हात ठेवावा.

रामकृष्णहरी.