किनाऱ्यावरील सत्त्वपरीक्षा

लोकशाहीत नागरिकाच्या हाती मत असते. परंतु ठराविक वर्षांनी दिलेल्या मताने प्रत्येक अन्यायाचे निवारण होतेच असे नाही. ज्यांची वस्ती लांबच लांब किनाऱ्यावर विखुरलेली आहे, आणि जे फारच थोड्या मतदारसंघांत बहुसंख्य असतात, अशा मच्छीमारांनी आपले गाऱ्हाणे राज्यकर्त्यांच्या कानी घालावे तरी कसे? केरळ आणि गोव्याच्या मच्छीमारांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्या शोधात ख्रिस्तसभेचा मोठा वाटा होता, आणि तीत तिची सत्त्वपरीक्षाही होती. म्हणूनच हा इतिहास आपण ठाऊक करून घेणे अगत्याचे आहे.

कलहाचे बीज एका सद्हेतूत होते. 1953 साली केरळात कोल्लमजवळील नींडकरा येथे भारत आणि नॉर्वे यांचा संयुक्त प्रकल्प सुरू झाला. मच्छीमाराला चांगली होडी मिळावी, बर्फाची सोय व्हावी, त्याचे जीवनमान उंचावावे, असा त्याचा उद्देश होता. पुढे कोळंबीला परदेशात मोठी किंमत येऊ लागली. ज्यांनी कधी जाळे हाती धरले नव्हते अशांचेही भांडवल समुद्रात उतरले आणि ट्रॉलरांची संख्या वाढत गेली. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडत जाते. मोठ्या मासळीबरोबर लहान पिल्लेही त्यात सापडतात. आपल्याकडे कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात जातात. केरळात मात्र पावसाळा हाच छोट्या मच्छीमाराचा सुगीचा काळ. नेमक्या त्याच महिन्यांत ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले. गोव्यातही हेच घडले. पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढून पोट भरणारे रापणकार ट्रॉलरांपुढे हतबल झाले. मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली ते 1970 च्या दशकात रस्त्यावर आले. 1978 साली ठिकठिकाणच्या संघटनांनी एकत्र येऊन राष्ट्रीय व्यासपीठ उभारले.

येथे ख्रिस्तसभेपुढे कठीण प्रसंग उभा राहिला. केरळच्या दक्षिण किनाऱ्यावरील छोटे मच्छीमार बहुतांशी लॅटिन विधीचे कॅथोलिक; पण नींडकरा परिसरातील अनेक ट्रॉलरमालकही त्याच ख्रिस्तसभेचे सभासद. ट्रॉलरवर मजुरी करणारे तरुण याच वस्त्यांतले. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी माणसे समुद्रात मात्र एकमेकांसमोर उभी ठाकली होती. अशा वेळी सर्वांना सांभाळून घ्यावे, की दुर्बलाच्या बाजूने उभे राहावे? रिडेम्प्टोरिस्ट संघाचे फादर थॉमस कोचेरी यांच्यासारख्या धर्मगुरूंनी आणि अनेक धर्मभगिनींनी दुसरा मार्ग पत्करला. सर्वच धर्मवरिष्ठांना तो रुचला असे नाही. धर्मगुरूचे स्थान वेदीपाशी आहे, मोर्च्यात नव्हे, असे म्हणणारे पुष्कळ होते. तरीही द्वितीय व्हॅटिकन परिषदेने जगाच्या सुखदुःखाशी नाते जोडण्याची जी दिशा दाखवली होती, तिचेच हे अनुसरण आहे अशी त्यांची श्रद्धा होती.

चळवळींचे अभ्यासक चार्ल्स टिली यांनी एक मार्मिक विचार मांडला आहे. निषेध करणारी माणसे प्रत्येक वेळी नवी रीत शोधत नाहीत. समाजाला परिचित असलेल्या रीतींच्या साठ्यातूनच ती आपले साधन निवडतात. किनाऱ्यावरच्या लोकांना उपवास ठाऊक होता, मिरवणूक ठाऊक होती. गांधीजींनी हीच साधने राजकारणात आणलेली देशाने पाहिली होती. 1981 साली फादर कोचेरी उपोषणास बसले. 1984 च्या आंदोलनात सिस्टर ॲलिस यांनी दीर्घ उपोषण केले. त्याच सुमारास मासळी विकणाऱ्या स्त्रियांनीही आवाज उठवला. टोपलीचा वास येतो म्हणून त्यांना बसमध्ये घेत नसत; तिरुवनंतपुरममध्ये लढा देऊन त्यांनी स्वतंत्र बसगाड्यांची सोय करून घेतली.

चळवळीने आणखी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. लॅटिन कॅथोलिक मच्छीमारांची म्हणून सुरू झालेली संघटना पुढे सर्व धर्मांच्या मच्छीमारांना खुली झाली. नावात ‘स्वतंत्र’ हा शब्द आला. कोणत्याही पक्षाच्या वा धर्मपीठाच्या अंकित न राहण्याचा तो निश्चय होता. ख्रिस्तसभेने जन्म दिलेले लेकरू तिचा हात सोडून चालू लागले. यात आम्हांस ख्रिस्तसभेचा पराभव दिसत नाही, यशच दिसते.

उपोषणातून एकदम कायदा झाला असे मात्र नव्हे. 1980 साली केरळ व गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले, 1981 साली महाराष्ट्रात झाला. पण अंमलबजावणी ढिली होती. आंदोलन झाले की शासन समिती नेमी, आणि समितीपुढे मच्छीमारांना केवळ दुःख नव्हे, तर पुरावा मांडावा लागे. कोणती मासळी केव्हा विणीस येते, कोणते जाळे काय उचलते, हे पिढीजात ज्ञान शास्त्रज्ञांच्या भाषेत सांगावे लागे. 1988 साली केरळात पावसाळी ट्रॉलबंदी प्रथम आली, तीही अपुरी. ट्रॉलरमालक न्यायालयात गेले. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली.

याच वर्षी एक अपूर्व गोष्ट घडली. केंद्र शासनाने 1991 च्या धोरणानुसार खोल समुद्रात परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतील जहाजांना परवाने दिले होते. त्याविरुद्ध 1994 च्या नोव्हेंबरात देशभरच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद राहिली. छोटे मच्छीमार आणि ट्रॉलरमालक, कालचे प्रतिस्पर्धी, या लढ्यात एकत्र आले. 1995 साली फादर कोचेरींनी गांधीजींच्या जन्मगावी, पोरबंदरला, उपोषण केले. मुरारी समिती नेमली गेली. 1996 साली तिने परवाने रद्द करण्याची शिफारस केली आणि 1997 साली शासनाने तिच्या शिफारशी स्वीकारल्या.

या यशाचे अवास्तव कौतुक करणे योग्य होणार नाही. छोट्या मच्छीमारांनीही पुढे होड्यांना इंजिने बसवली, मोठी जाळी घेतली. मासळीवरचा ताण त्यांच्याकडूनही वाढला. 2022 साली विळिंजम बंदराविरुद्ध तिरुवनंतपुरमच्या लॅटिन महाधर्मप्रांताच्या पुढाकाराने चार महिन्यांच्या जवळपास आंदोलन चालले. तरी बंदराचे काम थांबले नाही आणि 2025 च्या मे महिन्यात त्याचे उद्घाटनही झाले. प्रत्येक लढा जिंकला जातोच असे नाही.

परंतु आज पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, ती कोणा एका शहाण्या अधिकाऱ्याची देणगी नव्हे. उपाशी राहिलेल्या माणसांनी शासनाला विचार करावयास लावले, त्याचे ते फळ आहे. दुर्बलाची बाजू घेतल्याने धर्मग्राम दुभंगेल, ही भीती त्या वेळी पुष्कळांना वाटत होती. दहा वर्षांनी दोन्ही बाजूंचे लोक एकाच बंदमध्ये सामील झाले. न्याय टाळून राखलेली शांतता आणि न्यायातून आलेला समेट यांतील अंतर केरळच्या किनाऱ्याने आपल्याला दाखवून दिले आहे. प्रभू येशूने आपले पहिले शिष्य जाळी धुणाऱ्यांतूनच निवडले होते, याचे स्मरण या निमित्ताने आपण ठेवावे.