कानाची पाळी, कामाची पाळी

हेडफोन घेताना आपण चार गोष्टी पाहतो. आवाज कसा आहे, घातल्यावर त्रास होतो का, दिसतो कसा, आणि पैसे वसूल होतात का. बहुतेक परीक्षणे आवाजाने सुरू होतात. खर्ज किती घुमतो आणि तार सप्तक किती स्वच्छ ऐकू येते याची चर्चा सविस्तर होते, आरामाचा विषय मात्र ‘गादी मऊ आहे, वजन फार नाही’ एवढ्यावर आटोपतो. हेडफोनचा सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास पाहिला तर हा क्रम उलटा निघतो. या यंत्राच्या प्रवासातली मोठी वळणे आली ती बहुतेकदा त्याचा शरीरावरचा भार कमी झाला तेव्हा. आराम म्हणजे नुसती मऊ गादी असे मी मानत नाही. अंगावर यंत्र आहे याचा विसर पडणे म्हणजे आराम. हा विसर जितका वाढला तितका हेडफोन पसरला, आणि चांगला आवाज, देखणेपण व किंमत यांचे वाद त्यानंतरच रंगले, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात संगीतापासून झालीच नाही, ती नोकरीपासून झाली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एक ग्राहक दुसऱ्याला जोडून देण्यासाठी ऑपरेटरला दोन्ही हात मोकळे हवे असत. अमेरिकेत हे काम आधी मुलगे करत. 1878 मध्ये बॉस्टनला एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर रुजू झाली आणि लवकरच ते स्त्रियांचे काम ठरून गेले. त्यांच्यासाठी एझरा गिलिलँडने 1881 च्या सुमारास खांद्यावर ठेवायचे एक साधन केले. तोंडासमोर बोलण्याचा भाग आणि एका कानाशी ऐकण्याचा भाग अशी त्याची रचना होती, आणि वजन सुमारे साडेचार किलो सांगितले जाते. मुंबईत टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले ते 28 जानेवारी 1882 रोजी, म्हणजे जगभर हा धंदा एकदमच आकार घेत होता. साडेचार किलो खांद्यावर घेऊन पूर्ण पाळी बसायचे असेल, तर त्या यंत्रातून आवाज किती गोड येतो हा प्रश्न दुय्यमच ठरणार. पलीकडचा माणूस कोणता नंबर मागतो आहे एवढे कळले की पुरे होते. सुधारणा हवी होती ती वजनात, आणि पुढच्या काळात ऑपरेटरच्या साधनाचा प्रवास खांद्यावरून डोक्यावर आणि किलोंवरून ग्रॅमवर झाला तो याच गरजेपोटी.

यावर कोणी म्हणेल की त्याच सुमारास पॅरिसमध्ये चांगल्या आवाजाचाच ध्यास सुरू होता. ते खरे आहे. 1881 च्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेरने ऑपेराच्या रंगमंचावरचे गाणे तारांवरून श्रोत्यांपर्यंत आणले. दोन कानांना ऐकण्याची दोन वेगवेगळी साधने लावली की गायक रंगमंचावर डावीकडून उजवीकडे सरकल्याचे कळत असे. ज्याला आपण आज स्टिरिओ म्हणतो तो अनुभव इतका जुना आहे. 1890 पासून पॅरिसमध्ये ‘थिएट्रोफोन’ आणि 1895 पासून लंडनमध्ये ‘इलेक्ट्रोफोन’ या नावाने ही सेवा पैसे देऊन मिळू लागली. पण ती मूठभर हौशी लोकांपलीकडे गेली नाही. वर्गणी महाग होती हे एक कारण, आणि ती ऐकण्याची साधने हातात धरून कानाशी न्यावी लागत हे दुसरे. हात अडकलेला माणूस एक अंक ऐकेल, फार तर एक संध्याकाळ. त्याची रोजची सवय होत नाही. फ्रेंच अभियंता एर्नेस्ट मेर्कादिये याच्या हे लक्षात आले असावे. 1891 च्या त्याच्या पेटंटमध्ये पन्नास ग्रॅमच्या आत वजन असलेले, थेट कानात बसणारे साधन आहे. कानाच्या तोंडाशी घासू नये म्हणून त्यावर रबराचे आवरण सुचवले आहे, आणि त्या आवरणाने बाहेरचा आवाजही अडेल असे म्हटले आहे. आजच्या इअरफोनची कल्पना तिथे जवळजवळ पूर्ण दिसते, आणि तिच्या मुळाशी कानाच्या कातडीची काळजी आहे.

माझ्या म्हणण्याविरुद्ध याहून भक्कम पुरावा नॅथॅनिअल बाल्डविनचा आहे. अमेरिकेतल्या युटा प्रांतातला हा मॉर्मन पंथीय संशोधक स्वयंपाकघरात बसून हेडफोन जोडत असे. 1910 मध्ये त्याने एक जोड अमेरिकी नौदलाकडे पाठवला. बिनतारी संदेशातले अगदी क्षीण टिकटिक आवाज त्यात इतके स्पष्ट ऐकू आले की नौदलाने मागणी नोंदवली, आणि घरगुती उत्पादन असल्यामुळे एका वेळी दहाच जोड मिळतील असे उत्तर आले. इथे जिंकला तो आवाजच, निदान आवाज पकडण्याची ताकद. हे मान्य करायला हवे. पण त्यानंतर नौदल आणि बाल्डविन यांच्यात चर्चा झाली ती डोक्यावरच्या पट्टीची. पट्टी टोचते, बराच वेळ घालवत नाही अशी तक्रार होती. बाल्डविनने चामड्यात गुंडाळलेल्या दोन तारांची नवी पट्टी सुचवली, आणि केस अडकू नयेत म्हणून त्यांची टोके कुठेही सुटी ठेवली नाहीत. दोन गादीदार कप आणि त्यांना जोडणारी, मागेपुढे सरकणारी पट्टी हा आज आपण ओळखतो तो हेडफोनचा चेहरामोहरा या देवघेवीतून आला. चांगल्या आवाजामुळे यंत्र दारातून आत आले, पण त्याला राहता आले ते डोक्याशी जुळवून घेतल्यामुळे.

रेडिओच्या पहिल्या काळाने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवली. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. त्या वेळी सर्वांत स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला बॅटरी लागत नसे, वीज लागत नसे. लहरीतल्या ऊर्जेवरच तो चाले. पण ती ऊर्जा इतकी थोडी की हेडफोन कानाला लावल्याशिवाय काही ऐकू येत नसे. स्वस्ताई आणि स्पष्टता एवढ्यावर लोक समाधानी राहिले असते तर हेडफोन घरोघरी टिकला असता. तसे झाले नाही. व्हॉल्व्हचे रेडिओ आणि कर्णे परवडू लागताच घरांनी हेडफोन खुंटीला टांगला. सर्वांना एकत्र ऐकता यावे ही इच्छा त्यामागे होतीच. तरी हेही खरे की ज्याच्यापुढे पर्याय आला त्याने डोक्यावरचे ओझे आधी उतरवले. पुढची दोन-अडीच दशके हेडफोन उरला तो वैमानिक, बिनतारी संदेशवाले, ध्वनिमुद्रक अशा कामाच्या माणसांपुरता. बर्लिनच्या ऑयगेन बायरने 1937 मध्ये ‘डीटी 48’ हा उत्तम ध्वनीचा हेडफोन काढला आणि त्या मॉडेलने पुढे अनेक दशके स्टुडिओंत नाव कमावले. पण दिवाणखान्यात शिरण्याचे भाग्य त्याला लाभले नाही.

दिवाणखान्यात हेडफोन आणला तो मिल्वॉकीच्या जॉन कॉसने, आणि तोही चुकून. 1958 मध्ये त्याने आणि त्याचा अभियंता भागीदार मार्टिन लँग याने एक सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर तयार केला होता. इतरांना त्रास न देता स्टिरिओ ऐकता यावे म्हणून सोबत हेडफोन जोडला. प्रदर्शनात लोकांनी प्लेअर बाजूला ठेवून हेडफोनपाशीच गर्दी केली. छोटे स्पीकर कपांत बसवलेला हा ‘एसपी-3’ म्हणजे संगीतासाठी विकला गेलेला पहिला स्टिरिओ हेडफोन मानला जातो. दोनच वर्षांनी जपानच्या स्टॅक्सने स्थितिक विद्युतेवर चालणारा आणखी नाजूक ध्वनीचा हेडफोन बाजारात आणला. आवाजाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे हे सुवर्णयुग आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या युगाचा श्रोता कसा बसला होता ते पाहावे. आरामखुर्चीत, अॅम्प्लिफायरपासून एका वायरच्या अंतरावर, एका रेकॉर्डपुरता. मोठे, घट्ट बसणारे कप एवढा वेळ सोसता येतात. आवाजाला पहिला मान मिळाला, कारण खुर्चीने शरीराची बाजू सांभाळली होती.

माणूस खुर्चीतून उठला तेव्हा क्रम पुन्हा बदलला. हॅनोवरजवळच्या सेनहायझरने 1968 मध्ये ‘एचडी 414’ काढला. तोवर समज असा होता की चांगला खर्ज हवा तर कान सर्व बाजूंनी बंद केला पाहिजे, आणि कान बंद करायचा तर कप जड आणि पकड घट्ट हवी. सेनहायझरने कप मागून उघडा ठेवला आणि कानावर नुसता पिवळा फोम टेकवला. बाहेरचा गोंगाट आत येऊ लागला, आतले गाणे शेजाऱ्याला ऐकू जाऊ लागले. पण दाब गेला, घाम गेला. या एका मॉडेलचे एक कोटीहून अधिक नग विकले गेले. त्यानंतर 1 जुलै 1979 रोजी सोनीचा पहिला वॉकमन 33,000 येनला आला. वॉकमनचे कौतुक नेहमी कॅसेटच्या डबीचे होते. खरे तर ध्वनिमुद्रण करणारी तशी डबी सोनीकडे आधीच होती. अडचण हेडफोनची होती, कारण त्या काळचे सामान्य हेडफोन 300 ते 400 ग्रॅमचे असत. ते घालून रस्त्याने कोण चालणार? सोनीच्याच दुसऱ्या विभागात फोमच्या गाद्यांचा, सुमारे 50 ग्रॅमचा हेडफोन तयार होत होता. वजनाने एखाद्या अंड्याएवढा. ही दोन कामे एकत्र आली तेव्हा वॉकमन झाला. दिवाणखान्यातल्या मोठ्या यंत्रणेपुढे कॅसेटचा आवाज फिकाच होता, त्यात खरखर होती. लोकांनी तो स्वीकारला, कारण तो चालत्या माणसाला पेलत होता.

आता दिसण्याचे. कोणी विचारेल, 2001 च्या आयपॉडच्या पांढऱ्या वायरी, 2008 मध्ये आलेले बीट्सचे ठसठशीत, रंगीत कप आणि 2014 मध्ये अॅपलने त्या कंपनीसाठी मोजलेले तीन अब्ज डॉलर, यांत आराम कुठे आहे? हा आक्षेप रास्त आहे. एका टप्प्यावर हेडफोन दागिना झाला, आणि दागिन्याचे ओझे माणूस हौसेने वागवतो. पण दागिना मिरवायला चारचौघांत जावे लागते. हेडफोन घरात किंवा एक्सचेंजच्या खोलीत अडकला होता तोवर तो कसा दिसतो याची कोणाला पर्वा नव्हती. 1979 च्या हलकेपणाने त्याला रस्त्यावर आणले, आणि मग त्याला रूप आले. शिवाय दागिन्याच्या भरातही खालचा प्रवाह थांबला नाही. बंगाली क्रांतिकारकाचा मुलगा असलेल्या अमर बोस यांना 1978 मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीत हेडफोनमधले संगीत नीट ऐकू येईना, आणि त्यांनी बाहेरच्या आवाजाला उलट्या लहरीने मारण्याचे गणित तिथेच मांडायला घेतले. त्यातून 1989 मध्ये वैमानिकांसाठी हेडफोन आला, आणि 2000 मध्ये सामान्य ग्राहकांसाठी जे उत्पादन आले, त्याचे नाव होते ‘क्वाएट कम्फर्ट’. शांतता आणि आराम. संगीताचा त्या नावात उल्लेखही नाही. 2016 चे एअरपॉड्स प्रत्येकी चार ग्रॅमचे आहेत. बिनतारी जोडणीत ध्वनी दाबून पाठवावा लागतो, त्याच पैशांत वायरचा हेडफोन सहसा अधिक चांगला आवाज देतो, हे जाणणारेही वायर सोडून गेले.

मग आवाजाची तुलना व्यर्थ आहे का? मुळीच नाही. पण ती आरामापासून तोडता येत नाही. बंद कपाचा खर्ज कपाची कड कानाभोवती किती नीट बसते यावर अवलंबून असतो. चष्म्याच्या दांडीने फट पडली, किंवा टोचते म्हणून कप सैल केला, की खालचे सूर गळून जातात. इअरफोनची रबरी टोपी कानाच्या मापाची नसेल तर तेच. म्हणजे जो हेडफोन तुम्हाला बसत नाही त्याचा ‘चांगला आवाज’ तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. किंमतही याबाबतीत फारशी मदत करत नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापे तपासली, तेव्हा कोणता हेडफोन कोणते सूर किती उचलतो आणि त्याची किंमत किती, यांत काही नाते आढळले नाही. जास्त पैशांत बनावट, साहित्य, टिकाऊपणा मिळत असेल. अधिक चांगला आवाज मिळेलच अशी हमी मिळत नाही. म्हणून ‘पैसे वसूल’ या शब्दांचा हिशेब तासांत करणे अधिक प्रामाणिक आहे. स्वस्त हेडफोन अर्ध्या तासात काढून ठेवावासा वाटला तर तो महागच पडला.

दुकानातल्या तुलनेची खोट इथेच आहे. तिथे दोन मिनिटे ऐकून आपण आवाज पारखतो, आरशात पाहून रूप पारखतो, चिठ्ठी पाहून किंमत पारखतो. चौथ्या गोष्टीला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ उभे राहायला कोणाला सवड नसते. पहिल्या ऑपरेटरना मात्र ती तुलना टाळता येत नव्हती. त्यांना रोज पूर्ण पाळीभर ते साधन अंगावर वागवायचे होते, आणि त्यात काय चांगले, काय वाईट हे पाळी संपताना त्यांचे खांदे सांगत. हेडफोन पारखण्याचे ते सर्वांत जुने माप आहे, आणि घरूनच दिवसभर कानाला यंत्र लावून काम करणाऱ्यांच्या काळात ते पुन्हा उपयोगाचे झाले आहे.